सोनं, धूप आणि हिराबोळ

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी पेपरात जो फोटो येतो, तो तुम्ही पाहिलेला असतो. पांढऱ्या झग्यांतले देवदूत, मधे मारिया आणि योसेफ, कडेला प्रमुख पाहुणे आणि खाली ओळ : चिमुकल्यांनी दिला प्रेम, शांती आणि सेवेचा संदेश. संदेश दिला हे खरं आहे. फक्त फोटो निघाला त्या क्षणी योसेफच्या दाढीचा गोंद सुटला होता आणि मी गोठ्याच्या मागे उकिडवी बसून ती दाढी कानामागून धरून ठेवली होती. फोटो नीट पाहिलात तर योसेफच्या उजव्या कानाजवळ दोन बोटं दिसतील. ती माझी. योसेफच्या आईवडिलांनी तो फोटो मोठा करून फ्रेम केला, तेव्हा स्टुडिओवाल्याने ती बोटं साफ करून दिली. सोबत योसेफचा कानही गेला.

मी एका कॅथलिक प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. शाळा जळगाव आणि धुळे यांच्या मधे कुठेतरी आहे. एरंडोलच्या अलीकडे की पारोळ्याच्या पलीकडे, ते विचारू नका. नाव सांगितलं तर निम्मे किस्से मागे घ्यावे लागतील. कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या बाईंना काय मान असतो ते वेगळं सांगायला नको, पण त्याचा एक फायदा आहे. इंग्रजी निवेदन, पाहुण्यांचं स्वागत, पहिल्या रांगेतली खुर्ची यांतलं काहीच वाट्याला येत नाही, त्यामुळे विंगेतली जागा कायमची आपली. पिना, गोंद, माकडटोप्या आणि गुपितं, सगळं माझ्या ताब्यात असायचं.

आमच्याकडे 'कॉन्व्हेंट' या शब्दावर कुणाचीही मालकी नाही. दोन खोल्या, दारावर मिकी माउस आणि मुलांच्या गळ्यात टाय एवढ्या भांडवलावर गल्लीत कॉन्व्हेंट उघडता येतं. नावात गणपतीपासून साईबाबांपर्यंत कुणीही चालतो. सिस्टर लोकांचं खरं कॉन्व्हेंट म्हटलं की धुळ्याचं कॅनोसा, जळगावचं सेंट जोसेफ, भुसावळचं सेंट अलॉयशियस ही नावं निघतात. भुसावळचं कारण उघड आहे : रेल्वे आली, तिच्याबरोबर गोव्याची माणसं आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, त्यांच्यामागे चर्च आलं. एरवी या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. १९८७ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, जेझुइट संघाचे धर्मगुरू थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले आणि आमचा भाग पुण्याकडून नाशिककडे गेला. माझ्या आधीच्या टीचर सांगायच्या, स्टाफरूमला या ऐतिहासिक घटनेचा अर्थ एवढाच कळला की बिशप आता जवळ राहायला आलेत, म्हणजे कधीही येऊ शकतात.

व्हरांड्याच्या भिंतीवर शासनाच्या मूल्यशिक्षणातली दहाही मूल्यं रंगवून घेतली होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा ही पेंटरने झोकात लिहिली. 'सर्वधर्मसहिष्णुता'पाशी भिंतच संपली. शब्दच लांबलचक. पेंटरने वेळ न दवडता शेवटचा 'ता' दाराच्या पलीकडे लिहून टाकला. दार उघडलं की ते नेमकं त्या 'ता'वर जाऊन टेकतं. माझ्यातली मराठीची बाई तळमळली, पण वाचून पाहिलं तर व्याकरण चुकत नव्हतं. दार उघडं असलं की शाळा सर्वधर्मसहिष्णु. तो 'ता' अजून तिथेच आहे.

आता कॅलेंडरचं सांगते, कारण आमच्या बऱ्याच गोंधळांचं मूळ तिथे आहे. सिस्टरांच्या ऑफिसात भिंतीवर दोन कॅलेंडरं असत : एक चर्चचं, संतांच्या सणांचं; शेजारी कालनिर्णय. ही दोन एकमेकांना टाळत असतील असं तुम्हाला वाटेल. उलट आहे, ती एकमेकांवर येऊन आदळतात. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन आणि मदर तेरेसांचा स्मृतिदिन. १ मेला महाराष्ट्र दिन आणि कष्टकरी संत योसेफाचा सण. २१ जूनला सेंट अलॉयशियसचा सण, म्हणजे तो तरुण इटालियन जेझुइट, जो प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १५९१ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला. आणि २०१५ पासून त्याच दिवशी योग दिन. प्राथमिकची मुलं सकाळी संतचरित्र ऐकून लगेच शवासनात जातात. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

सगळ्यात अवघड तारीख २ ऑक्टोबर. त्या दिवशी गांधी जयंती आणि चर्चच्या कॅलेंडरात रक्षक देवदूतांचा सण. (कॅनोसा सिस्टरांच्या संस्थापिका मॅग्डालेन यांना रोममध्ये संत जाहीर केलं तेही १९८८ च्या २ ऑक्टोबरलाच, म्हणजे या तारखेवर गर्दी किती ते पाहा.) एका वर्षी प्री-प्रायमरीच्या टीचरने डायरीत चिठ्ठी पाठवली की मुलांना देवदूताच्या वेशात पाठवा. पहिलीच्या टीचरने चिठ्ठी पाठवली की गांधीजींच्या वेशात पाठवा. एका घरी दोन्ही वर्गांत एकेक मूल. आई सोयाबीनच्या सोंगणीवर, आजोबांनी दोन्ही चिठ्ठ्या एकाच पोराच्या समजून वाचल्या आणि आज्ञा तंतोतंत पाळली. सकाळी आठला फाटकातून टक्कल, पंचा, गोल चष्मा, काठी आणि पाठीवर थर्माकोलचे दोन भले मोठे पंख असे गांधीजी आत आले. पी.टी.च्या सरांनी पंख काढायला हात घातला तर गांधीजींनी काठी उगारली. तोवर पाहुणे व्यासपीठावर. त्यांनी भाषण बाजूला ठेवलं आणि 'बापू आज आपला रक्षक देवदूत होऊन आले आहेत, केवढी ही कल्पना' यावर पंचवीस मिनिटं बोलले. पहिलं बक्षीस बापूंना. धाकटी बहीण साध्या गणवेशात आली होती. तिला शिस्तीचं बक्षीस दिलं.

प्रार्थनेची एक तक्रार मात्र गंभीर होती. एक पालक तावातावाने आले. मुलगा घरी देव्हाऱ्यासमोर हात जोडून 'प्रभू' वगैरे असलेलं गाणं म्हणतो, हे काय चाललंय? सिस्टर नव्या, घाबरल्या, मला बोलावलं. मी म्हटलं, म्हणून दाखवू दे. मुलाने डोळे मिटून खड्या आवाजात जे म्हटलं ती साने गुरुजींची प्रार्थना होती, जगाला प्रेम द्या सांगणारी, महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांत रोज होते ती. मी त्यांना गाव विचारलं. 'अमळनेर.' म्हणजे ज्या गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, तिथलेच. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'चाल वेगळी आहे हो तुमच्याकडे.' ते खरं होतं. आमच्या संगीताच्या सरांचा हात चर्चच्या ऑर्गनवर बसलेला, त्यामुळे त्यांच्या पेटीतून शिवरंजनीसुद्धा नाताळची वाटायची.

मूल्यशिक्षणाचा तास आमच्याकडे दोन भागांत चाले. घंटा झाली की कॅथलिक मुलं उठून चॅपलशेजारच्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जात आणि बाकीची वर्गातच मोरल सायन्सला बसत. बावन्नच्या वर्गात कॅथलिक तिघं. एका वर्षी चाचणीचे पेपर तपासताना कॅटेकिझमच्या सिस्टरांना चार पेपर मिळाले. चौथा एका केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पोरगा जूनपासून बिनदिक्कत तिघांबरोबर उठून जात होता, कारण शाळेतला भरवशाचा पंखा त्या एकाच खोलीत होता. पेपरात तो पहिला आला होता. सिस्टरांचे हातपाय गार. आजच्या दिवसांत हे बाहेर गेलं तर? वडिलांना बोलावलं, माफी मागितली. वडिलांनी शांतपणे विचारलं, 'पहिला आलाय ना? मग बसू द्या.' बसू दिलं नाही अर्थातच. मोरल सायन्समध्ये तो काठावर पास झाला.

आमच्या सिस्टर कुठकुठल्या! मंगळूरच्या, वसईच्या, केरळच्या, झारखंडच्या. बदलीचं पत्र आलं की खानदेशात उतरत आणि पहिला उन्हाळा पाहून प्रार्थनेचा वेळ वाढवत. एक सिस्टर केरळहून आल्या. मराठी शिकायचीच असा निश्चय. माझ्याकडे यायला वेळ नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या मावशींकडून शिकू लागल्या. चार महिन्यांत सिस्टर फडाफडा बोलायला लागल्या. पण मावशी साक्री तालुक्यातल्या, त्यामुळे सिस्टर शिकल्या ती अहिराणी. हे त्यांना कुणी सांगितलं नाही; सगळ्यांनाच मजा वाटत होती. विस्तार अधिकारी तपासणीला आले, चेहरा कडक, हातात फाइल. सिस्टर हसतमुखाने पुढे झाल्या आणि म्हणाल्या, 'काय करी ऱ्हायनात, साहेब? या, बठा!' साहेबांची फाइल अर्ध्यात थांबली. त्यांनी सिस्टरांना नीट न्याहाळलं आणि आपुलकीने विचारलं, 'माहेर कोणतं?' सिस्टर म्हणाल्या, 'कोट्टायम.' साहेबांनी मान डोलावली. ते बहुधा शिरपूरकडचं एखादं खेडं समजले असावेत, कारण जाताना म्हणाले, त्या बाजूला आमचेही पाहुणे आहेत.

याच्या उलट प्रकार दंडाचा. एका प्रिन्सिपल सिस्टरांनी नियम काढला : आवारात मराठी बोललं की एक रुपया. पेटी माझ्याच टेबलावर ठेवली, हे विशेष. मी ऑफिसात गेले आणि सांगितलं की थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. दहा हजारांच्या वर ओव्या. (छापलं रोमन लिपीत. तुमचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं मराठी नवं नाही, चारशे वर्षं जुनं आहे.) सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तो जेझुइट होता. आम्ही नाही.' या उत्तरावर मला आजही काही सुचत नाही. पेटी राहिली. वर्षअखेरीस उघडली तर सर्वांत जास्त दंड इंग्रजीच्या सरांचा निघाला, कारण ते शिकवायचे इंग्रजीत पण रागवायचे मराठीत. त्यांच्या रागातून वाचनालयात श्यामची आई, बहिणाबाईंची गाणी आणि बरीच गोष्टींची पुस्तकं आली. पुढल्या जूनमध्ये नियम गुपचूप मागे घेतला गेला. सर शांत झाले असते तर वाचनालय जास्त वाढलं नसतं, एवढंच मी म्हणेन.

प्रवेशाच्या चिठ्ठ्यांबद्दल सगळ्यांनाच कुतूहल असतं. शिक्षण हक्क कायद्यातली पंचवीस टक्क्यांची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये तसा निकाल दिला. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कोण आत येणार हे सिस्टरच ठरवतात, ही बातमी गावात कायद्यापेक्षा लवकर पोचली. मग चिठ्ठ्या येत. नगरसेवकांच्या, सभापतींच्या, एकदा तर रेतीवाल्याची. सिस्टर त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. मला वाटे, दबावाखाली काय काय करावं लागत असेल बिचाऱ्यांना. एका संध्याकाळी मी ऑफिसात असताना फोन आला, स्पीकरवर होता. एक नगरसेवक म्हणत होते, 'सिस्टर, उद्या एक जण माझी चिठ्ठी घेऊन येईल. तिच्याकडे लक्ष देऊ नका.' मग जरा थांबून, 'पण चिठ्ठी बघून जरा आदबीने बोला म्हणजे झालं.' डब्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांचा असाच बंदोबस्त आधी होऊन गेलेला असे, हे मला त्या दिवशी कळलं. उरलेल्या निम्म्यांपैकी काहींवर लक्ष दिलं जायचं. कोणत्या, ते त्या डब्याला ठाऊक.

ग्रोटोपाशी, म्हणजे मारियेच्या मूर्तीच्या दगडी गुहेपाशी, एक दुकान होतं. विनादुकानदाराचं. पेन्सिली, खोडरबर, वह्या, शेजारी पेटी, किंमत वाचा, पैसे टाका, वस्तू घ्या. प्रामाणिकपणाचं दुकान. पहिल्या महिन्यात सगळे श्वास रोखून. हिशेब केला तर पैसे कमी नव्हते, जास्त होते. सिस्टरांना गहिवरून आलं, असेंब्लीत त्यांनी मुलांचं कौतुक केलं. दुसऱ्या महिन्यात आणखी जास्त. तिसऱ्या महिन्यात, सहामाहीच्या आठवड्यात, तिप्पट. आणि पेटीत एक नारळाची शेंडी. मला संशय आला, म्हणून सकाळी साडेसहाला जाऊन उभी राहिले. एकेक आई येत होती, मूर्तीला हात जोडत होती, पेटीत अकरा रुपये टाकत होती आणि पोराच्या कपाळाला तिथली माती लावत होती. वांद्र्याच्या मारियेला जे मोतमाऊली म्हणून नवस बोलतात, नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जे फेब्रुवारीत लोटतात, त्यांच्या दृष्टीने हे सरळच होतं : देवीपुढे पेटी आहे म्हणजे ती दानपेटी. पेटी हलवून कार्यालयासमोर ठेवली. त्या महिन्यात हिशेबात अठरा रुपये कमी आले, आणि प्रामाणिकपणाचं दुकान तेव्हा कुठे प्रामाणिकपणे सुरू झालं.

पण खरी रणभूमी डिसेंबर. खानदेशचं ऊन सगळ्यांना माहीत, थंडी कुणी विचारात घेत नाही. नाताळच्या सुमाराला संध्याकाळी मैदानावर दात वाजतात. गावभर शेतात भरीतपार्ट्या चालू असतात आणि आमचे देवदूत मात्र पातळ साटिनमध्ये. आया विंगेत घुसून स्वेटर चढवतात. झग्याखाली चढवला तर देवदूत गरगरीत दिसतो, झग्यावर चढवला तर पंख बसत नाहीत. त्यात एखादी आजी नेमकी पडदा उघडताना हात घालून माकडटोपी घालते. आमच्या गोठ्यावर बेथलेहेमचा तारा उगवला तेव्हा त्याखाली पाच देवदूत होते आणि त्यांतल्या दोघांचे फक्त डोळे दिसत होते.

गोठ्याचं आमचं कौशल्य मात्र वादातीत. कडबा आमच्याकडे खरा, ज्वारीचा. छपराला केळीची पानं. मूर्तींच्या सेटमधला बैल एकदा फुटला, तर शिपाईमामांनी घरून पोळ्याचा मातीचा बैल आणला, शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल असलेला. त्या वर्षी पॅरिशच्या गोठा स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुढल्या वर्षी पहिल्या आलेल्या गटाच्या गोठ्यात दोन पोळ्याचे बैल होते. आम्ही काही बोललो नाही. रात्री कुणाची तरी शेळी शिरून त्यांचं छप्पर खाऊन गेली, त्यात आमचा हात नव्हता, हे मी इथे पुन्हा नमूद करते.

मारिया कोण होणार यावरून दोन आया तीन आठवडे एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीने मुलीसाठी निळी साडी आधीच शिवायला टाकलेली, दुसरीने प्रिन्सिपल सिस्टरांच्या फीस्टला, म्हणजे त्यांच्या संताच्या सणाला, केक पाठवलेला. सिस्टरांनी कंटाळून सोडत काढली. चिठ्ठी निघाली तिसरीतल्या एका मुस्लिम मुलीची. स्टाफरूममध्ये शांतता. घरचे काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले, सुरमा घातलेले, अतिशय प्रसन्न. म्हणाले, आमच्या कुराणात मरियमच्या नावाचा अख्खा सूरा आहे, नात भाग्यवान. मग त्यांनी सेटकडे पाहिलं आणि एक चूक दाखवली : आमच्याकडच्या कथेत मरियम खजुराच्या झाडाखाली असते. झाड कुठाय? सिस्टरांनी नम्रपणे सांगितलं की आमच्या कथेत गोठा असतो. दोघांनी थोडा विचार केला. नाटकाच्या दिवशी आजोबांनी दोन किलो खजूर पाठवले, सेटवर ठेवायला. मेंढपाळांचा प्रवेश तिसरा होता आणि त्यांना विंगेत फार वेळ थांबावं लागलं. देवदूताने शुभवार्ता सांगितली तेव्हा सहा मेंढपाळांच्या गालांत बिया होत्या, आणि सगळ्यांनी त्या गुडघे टेकताना एकदमच टाकल्या.

सोन्याची गोष्ट सांगताना अजून पोटात गोळा येतो. तीन राजे बाळासाठी सोनं, धूप आणि गंधरस आणतात. तालमीत सोनं म्हणजे चमकी कागद गुंडाळलेला मिठाईचा डबा. पहिला राजा सराफाचा नातू. प्रयोगाच्या दिवशी त्याच्या हातात लाल मखमली डबी. मला वाटलं, हौस. त्याने ती बाळापुढे ठेवली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. रात्री साडेदहाला फोन. आजीने देव्हाऱ्यातून काढून खरी दोन तोळ्यांची साखळी दिली होती. देवाच्या बाळाला द्यायचं ते खोटं कसं चालेल, असं तिचं म्हणणं. मांडववाल्यांनी तोवर कडबा ट्रॉलीत भरला होता. सिस्टर, मी, शिपाईमामा आणि सराफ स्वतः टॉर्च घेऊन कडबा उपसत होतो. डबी मिळाली ती साडेबाराला, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीखाली. एका मेंढपाळाने, डबीचा कोपरा बाळाला टोचेल म्हणून, जाता जाता ती उचलून बाजूला ठेवली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आजी म्हणाली, देवाला दिलेलं परत घेत नाही. सिस्टर म्हणाल्या, आम्ही घेऊ शकत नाही. साखळी आठवडाभर बिस्किटांच्या डब्यात, चिठ्ठ्यांच्या सोबतीला. शेवटी त्या किमतीचा पिण्याच्या पाण्याचा कूलर मैदानाच्या कडेला बसला. आजीची अट होती की त्यावर कुणाचंही नाव नको. सराफांना ती अट फार जड गेली. दर मे महिन्यात येऊन ते त्या कूलरचं पाणी पितात आणि आसपास कोण उभं आहे ते बघतात.

तिसरी भेट, गंधरस. बायबलच्या मराठी भाषांतरात शब्द भारदस्त आहे, पण तो पदार्थ मिळतो कुठे? मी काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानदाराने डोकं खाजवलं, आतून बरणी आणली आणि म्हणाला, 'हिराबोळ म्हणा की! किती दिवसांची बाळंतीण आहे?' बरोबर होतं. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो हिराबोळ म्हणजेच तो गंधरस, अरबस्तान आणि आफ्रिकेच्या काठावरच्या झाडांचा डिंक. प्रयोगात निवेदिका छान इंग्रजीत 'मिर्' म्हणाली, तिसऱ्या राजाने डबी उघडून प्रेक्षकांना दाखवली, आणि दुसऱ्या रांगेतून एका म्हातारबाईंचा आवाज आला, 'हिराबोळ शे!' पुढे त्या शेजारणीला मोठ्याने समजावत होत्या की बघ, पहिल्या दोघांनी आपली नुसती श्रीमंती दाखवली, बाळंतिणीचा विचार या एकट्याने केला. मी इतकी वर्षं ही कथा ऐकत, बसवत, गोंदाने चिकटवत आले. त्या राजाकडे कुणी असं पाहिलेलं नव्हतं. तेव्हापासून दर डिसेंबरला एक तोळा ताजा हिराबोळ आणायचा, असा माझा नेम झाला.

एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नयेत, रोज असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणावी, सर्व धर्मांसाठी एक प्रार्थना कक्ष असावा. उद्देशिका आमच्याकडे आधीपासून होती. मुलं ती पाढ्यांच्या चालीत म्हणत. कक्षासाठी मात्र जागा नव्हती. शेवटी व्हरांड्याच्या टोकाची खोली रिकामी केली, चटया टाकल्या, भिंत पांढरी केली. सगळं रिकामं केलं पण गॅदरिंगचं सामान ठेवायला दुसरी खोली नव्हती, म्हणून ते 'तात्पुरतं' तिथेच एका कोपऱ्यात राहिलं. त्यामुळे आमच्या सर्वधर्म प्रार्थना कक्षात शांत बसायला गेलं की समोर शिवाजी महाराजांची ढाल, गांधीजींची काठी, बारा जोड पंख, पोळ्याचा बैल आणि ईदच्या नाचातली चंद्रकोर एका ओळीत दिसतात. पाहणीला आलेल्या फादरांनी बराच वेळ ते पाहिलं आणि विचारलं, 'ही मांडणी कुणाची?' सिस्टर काही बोलायच्या आत शिपाईमामा म्हणाले, 'मराठी टीचरची.' फादरांनी माझं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं.

त्याच डिसेंबरात माझं शेवटचं गॅदरिंग. नाटकाच्या चार दिवस आधी आमच्या इंग्लिश टीचरला मुलगी झाली. माहेर लांब, सासू आजारी. अहिराणीवाल्या सिस्टर, ज्या आता प्रिन्सिपल झाल्या होत्या, मावशींकडून डिंकाचे लाडू करून घेऊन तिच्या घरी गेल्या. जाताना त्यांनी प्रार्थना कक्षाच्या कपाटातून आणखी एक पुडी उचलली, हे मला माहीत नव्हतं.

प्रयोग चांगला चालला होता. योसेफची दाढी जागेवर, मेंढपाळांची तोंडं रिकामी. पहिल्या राजाने चॉकलेटचं सोनं ठेवलं, दुसऱ्याने उदबत्ती. तिसरा राजा, चौथीतला, पुढे आला, गुडघे टेकले, प्रेक्षकांकडे वळून डबी उघडली. डबी रिकामी. मी विंगेतून पाहत होते; हातात गोंदाची बाटली, करण्यासारखं काही नाही. निवेदिकेने पुन्हा 'मिर्' म्हटलं. राजाने डबी उलटी करून आपटली, आत डोकावून पाहिलं आणि माईकजवळ जाऊन खणखणीत मराठीत जाहीर केलं :

'संपला. इंग्लिश टीचरला बाळ झालं.'

दंड कुणी मागितला नाही.